आठांपैकी नऊ

संपादकांचा हुकूम सोपा होता: 'आकाश अंशतः ढगाळ' म्हणतात तेव्हा नेमकं काय मोजलेलं असतं, ते भर पावसाळ्यात लोणावळ्याला जाऊन बघा. जागा निवडण्यातला खोडसाळपणा राजमाची पॉइंटवर उभं राहिल्यावर कळला.

हवामान खातं १८७५ सालचं. १९२८ मध्ये मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरची ती इमारत पुणेकरांसाठी 'सिमला ऑफिस'. इतिहास एवढा पुरे. मला भुरळ पडली ती निरीक्षकाच्या मानेची. सकाळी साडेआठच्या नोंदीला तो उघड्यावर येतो, सगळं आभाळ नजरेत घेतो आणि विखुरलेले ढग मनातल्या मनात एका कडेला गोळा करतो. आभाळाचे आठ भाग केले तर त्यातले किती भरतील? तो आकडा ऑक्टा. शून्य म्हणजे निरभ्र, एक-दोन मुख्यतः निरभ्र, तीन-चार अंशतः ढगाळ, पाच ते सात सामान्यतः ढगाळ, आठ म्हणजे पूर्ण झाकलेलं. चिमूटभर ढग असला तरी एक लिहायचं; बोटभर निळं दिसलं तरी आठ नाही, सातच. क्षितिजाकडे ढगांमधल्या फटी लपतात, तिथे नवखी नजर हमखास जास्त मोजते.

या आकड्यात जाडी नसते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. उंचावरचा विरळ पांढरा पडदा आभाळभर पसरला तर आठ, आणि खाली सावल्या पडण्याइतकं ऊन. काळ्या मेघांनाही आठच. छत्री न्यायची की नाही, ते अंदाजातल्या पावसाच्या वाक्यावरून ठरवावं.

लोणावळ्यात मात्र गाडं अडतं. अरबी समुद्रावरचा दमट वारा कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर चढतो, गार होतो, त्याचा ढग बनतो आणि तो थेट नागफणीला टेकतो. खोपोलीतून वर पाहणाऱ्याला जो ढग, तोच खंडाळ्यात धुकं. आभाळच दिसत नाही, मग मोजायचं काय? त्यासाठी संकेतात नऊ हा आकडा आहे. आठांपैकी नऊ! सरकारी कागदावर इतकी प्रामाणिक कबुली मी क्वचितच पाहिली.

आता ढगाच्या तळाची उंची लेसरचं सीलोमीटर मोजतं. ते अचूक असतं, पण डोक्यावरचा एक अरुंद पट्टाच बघतं. बाकीचं आभाळ त्याला अंदाजानेच भरून काढावं लागतं. उपग्रहाला ढगांचा माथा दिसतो, वरच्या थराखाली काय दडलंय ते नीट दिसत नाही. अलीकडे पुण्याच्या घाटमाथ्याला वेगळे इशारे मिळतात, ही मोठीच सोय. तरी घाटमाथा काही एकसंध नाही. लोणावळ्यात धो धो चालू असताना कामशेत-वडगावकडे पाऊस बराच ओसरलेला असतो. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही खोरी आपापल्या तंत्राने वागतात. आणि कापलेला इंद्रायणी भात खाचरात पसरून ठेवलेल्या शेतकऱ्याला ऑक्टाचं काय? त्याच्याच खोऱ्यात दोन दिवस उघडीप मिळेल का, एवढंच त्याला हवं असतं. त्या प्रश्नाचं उत्तर जिल्ह्याच्या नाहीतर घाटमाथ्याच्या मापाने देऊन भागत नाही.