स्पीकरमधली घरघर

हाय-फाय संचातली विजेची घरघर कोणत्या वाटेने येते, ते बहुतेक वेळा कानालाच कळते. भारतात वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्याचे चुंबकीय क्षेत्र थेट केबलमध्ये शिरले, तर पांढरी पाचला लागून असलेला खर्जाचा स्वर अखंड घुमतो. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एसीचा डीसी होताना मात्र लहरीचे दोन्ही अर्धे भाग कामी येतात. त्यामुळे तिथून झिरपणारा आवाज १०० हर्ट्झचा, बरोबर एक सप्तक वर असतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे फिल्टर कपॅसिटर सुकले, की तो वाढतो. दिव्याच्या डिमरची भुणभुण याहून कर्कश असते.

संच बंद करून सर्व इनपुट केबल काढाव्यात. पुन्हा चालू केल्यावरही घरघर राहिली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्येच आहे. थांबली, तर बहुधा ‘अर्थ लूप’: दोन उपकरणे आपापल्या तीन पिनी प्लगने अर्थला जोडलेली आणि सिग्नल केबलच्या शिल्डने एकमेकांनाही. या कड्यातून फिरणारा क्षीण प्रवाह संगीतात मिसळतो. गच्चीवरून येणारी टीव्हीची केबलही असेच कडे पुरे करते. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्याने कडे लहान होते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरने ते तुटते. अर्थची पिन काढून टाकणे हा उपाय जीवघेणा आहे, कारण आत बिघाड झाला तर धातूच्या खोक्यातच वीज उतरते.

रेकॉर्ड प्लेअर सर्वांत हळवा. त्याच्या सुईकडून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात आणि फोनो प्रीअ‍ॅम्प १००० हर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला सुमारे सातपट उचलून धरतो. म्हणूनच त्याची वेगळी अर्थची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला घट्ट हवी.

सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलची जाहिरात इथे फसवी ठरते. सोन्यावर गंज चढत नाही, हे खरे. अर्थ लूप मात्र तसाच राहतो. खरी युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ साली पेटंट केली, पण टेलिफोनच्या कीर्तीखाली ती झाकोळली. शेजारच्या तारांतला गोंगाट टेलिफोनमध्ये शिरे, म्हणून त्याने जाणारी आणि येणारी तार एकमेकींभोवती पिळली. दोन्हींत गोंगाट सारखाच शिरतो आणि वजाबाकीत उडून जातो. फरकाच्या रूपाने धाडलेला सिग्नल तेवढा उरतो. स्टुडिओतल्या बॅलन्स्ड केबल याच तत्त्वावर चालतात.

घरघर स्पीकरऐवजी अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यातूनच येत असेल, तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा कंप पावत असतो. त्यावर कोणतीही केबल चालत नाही. सैल स्क्रू आवळून घेणे किंवा ट्रान्सफॉर्मर बदलणे, एवढेच तंत्रज्ञाच्या हाती असते.