दुसरा ॲम्प्लिफायर : केव्हां व कशासाठीं ?

समोर तीन, मागें दोन आणि गंभीर नादासाठीं एक सबवूफर, असा स्पीकरांचा परिवार दिवाणखान्यांत मांडला, कीं थोड्याच दिवसांत गृहस्थापुढें एक प्रश्न उभा राहतो : याला आणखी एक ॲम्प्लिफायर जोडावा काय ? जोडणी अवघड नाहीं, पण खर्च लहान नाहीं. म्हणून त्यापासून काय मिळतें व काय मिळत नाहीं, हें आधीं समजून घेणें हिताचें.

कल्पना नवी नव्हे. 1982 मध्यें डॉल्बी सराउंड घरांत आलें, तेव्हां लोकांजवळ दोन स्पीकरांपुरता स्टीरिओ ॲम्प्लिफायर असे. मागील स्पीकरांसाठीं पुष्कळदां दुसरा घ्यावा लागे. पुढें हीं सर्व कामें रिसीव्हरच्या एकाच पेटींत आलीं. सोय झाली, पण भारहि एकट्यावर पडला. जाहिरातींतील 100 वॅटांचा आंकडा बहुधा दोनच स्पीकर चालू असतांना मोजलेला असतो. मोठ्या पंगतींत वाढपी एकच असला आणि सर्वांनीं एकदम हांक मारली म्हणजे जें होतें, तेंच येथें होतें. समोरचे डावा व उजवा स्पीकर दुसऱ्या ॲम्प्लिफायरकडे सोपविले, कीं पहिल्याची ओढाताण कमी होते.

परंतु वाढपी दोन झाले म्हणून अन्नाची रुचि पालटत नाहीं. शक्ति दुप्पट केली तरी आवाज 3 डेसिबलनेंच वाढतो. कानाला तो दुप्पट वाटण्यास सुमारें दहापट शक्ति लागते. साधारण स्पीकर 1 वॅटवर एक मीटर अंतरावर सुमारें 87 डेसिबल आवाज देतो. म्हणजे नित्याच्या ऐकण्यास एक-दोन वॅट पुरतात. मग शक्ति लागते कोठें ? संवाद चालले असतां एकाएकीं तोफ धडाडते. तो क्षण 20 डेसिबलनें उंच गेला, तर तेवढ्यापुरती 100 पट शक्ति हवी. ती न मिळाल्यास ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आवाज कर्कश होतो आणि नाजूक ट्वीटर जळण्याचीहि भीति असते.

म्हणून दिवाणखाना मोठा, स्पीकर 4 ओहमचे, आणि आवाज चढा ठेवण्याची हौस, असा योग असेल तर हा खर्च सार्थकीं लागतो. दुसरें कारण संख्येचें. डॉल्बी ॲटमॉसच्या 7.1.4 मांडणीस सबवूफर सोडून 11 स्पीकर लागतात. कांहीं रिसीव्हर 11 वाहिन्या सिद्ध करतात, पण त्यांच्या पोटांत ॲम्प्लिफायर नऊच असतात. उरलेल्या दोहोंसाठीं बाहेरचा घ्यावाच लागतो.

जोडण्यापूर्वीं रिसीव्हरच्या पाठीमागें ‘प्री-आउट’ आहे कीं नाहीं तें पाहावें. दोन्ही यंत्रांचे प्लग काढून, तेथील सौम्य संकेत आरसीए तारेनें नव्या ॲम्प्लिफायरच्या इनपुटला द्यावा. स्पीकरसाठींचा जोरकस संकेत तेथें कधींहि देऊं नये. नंतर रिसीव्हरच्या मायक्रोफोननें सर्व स्पीकरांची पातळी पुन्हां जुळवावी. गुणगुण ऐकूं आल्यास दोन्ही यंत्रें एकाच विजेच्या पट्टीवर लावून पाहावीं. अर्थिंगची तार तोडण्याचें साहस मुळींच करूं नये.

आणि घरांतील वडील मंडळींस संवाद नीट ऐकूं येत नाहींत, एवढीच तक्रार असेल, तर पैशांच्या थैलीला आधीं हात घालूं नये. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरांतून येतात. त्याची पातळी 2-3 डेसिबलनें चढवावी, तो कानांच्या रोखानें वळवावा आणि 80 हर्ट्झखालील नाद सबवूफरकडे पाठवावा. सबवूफरच्या पेटींत बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतोच. म्हणजे ‘दुसरा’ पुष्कळ घरीं आधींच येऊन बसलेला आहे. त्याच्याकडून पुरतें काम करून घेतल्यावरहि उणीव भासली, तरच बाजाराची वाट धरावी.