दहा सेकंदांचा मुका पडदा

“दिसत नाही त्याला एक विंडोज पुरे की, दुसरी सिस्टीम कशाला घालायची?” तासगावात संगणक दुरुस्तीच्या एका टेबलाशी हे वाक्य मी ऐकलं. बोलणारा दुकानदार मनाने चांगला होता. माझ्यासोबत आलेला मित्र पूर्ण अंध आहे, तो गालातल्या गालात हसला. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, कधीचंच नांदत होतं.

या एका वाक्यात बरेच गैरसमज आहेत. पहिला म्हणजे अंधांचा संगणक वेगळाच असतो. तसं काही नसतं. कीबोर्डही आपलाच, एफ आणि जे या कळांवर उंचवटे असलेला. फरक स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचं बोलून वाचणाऱ्या प्रोग्रामचा. विंडोजवर एनव्हीडीए चालतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली त्याचं काम सुरू केलं, आणि आजही तो फुकट मिळतो. लिनक्स मुकं असतं, हा दुसरा समज. तिथे ऑर्का आहे. त्याची सुरुवातही सन मायक्रोसिस्टिम्समधल्या एका अंध प्रोग्रामरने केली. उबुंटूत सुपर, ऑल्ट आणि एस एकदम दाबलं की तो बोलायला लागतो. ईस्पीक या आवाज काढणाऱ्या प्रोग्राममुळे मराठीही वाचतो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, पण आठवड्याभरात कानाला सवय होते.

“इन्स्टॉल करायला तरी डोळस माणूस लागेलच ना?” बहुतेक कामाला नाही. डेबियन या आणखी एका लिनक्सचा इन्स्टॉलर सुरू झाला की बीप वाजते. एस दाबून एंटर मारलं की पुढचे सगळे प्रश्न तो बोलून विचारतो. विंडोजच्या सेटअपमध्येही विंडोज-कंट्रोल-एंटरने नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर चालू होतो. डोळ्यांची गरज पडते ती बायोसमध्ये, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीच्या यंत्राच्या सेटिंगमध्ये. तिथे काहीही बोलत नाही, म्हणून सिक्युअर बूट वगैरे बदलायचं असेल तर शेजारी कोणीतरी हवं, नाहीतर ‘बी माय आइज’सारख्या अ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. आणि बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी जपून ठेवा, डेटाची प्रतही काढा. हे दिसणाऱ्यांनाही लागू आहे.

खरी मेख पुढे आहे, आणि ती दुकानदाराला माहीतच नव्हती. यंत्र चालू होताच ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम यादी दाखवतो: उबुंटू की विंडोज? त्या क्षणी दोन्ही सिस्टीम झोपलेल्या, म्हणजे ऑर्काही नाही आणि एनव्हीडीएही नाही. उबुंटूच्या नेहमीच्या मांडणीत हा पडदा दहा सेकंद थांबतो आणि मग पहिली ओळ आपोआप निवडली जाते. ‘इथे अंध माणूस अडकणारच’ असं सगळे धरून चालतात.

मित्र काय करतो ते पाहा. बटण दाबतो, पंख्याची घरघर ऐकतो, मनात पाच मोजतो. त्याच्या यंत्रात विंडोज तिसऱ्या ओळीवर आहे: खालचा बाण दोनदा, मग एंटर. पहिला बाण दाबताच उलटी मोजणी थांबते, त्यामुळे घाई नाही. गोंधळ झालाच तर वरचा बाण दहा-बारा वेळा दाबायचा. यादी पहिल्या ओळीच्या वर जातच नाही, म्हणून तिथून पुन्हा सुरुवात करता येते. ग्रबच्या सेटिंगमध्ये सूर वाजवणारी एक ओळ असते, तिच्या पुढची # खूण काढून ग्रब अपडेट केलं की यादी येताच आवाज येतो. सगळ्या लॅपटॉपना मात्र तो जमत नाही. त्याहून सोपं म्हणजे लिनक्समध्येच, ऑर्का बोलत असताना, ‘ईएफआयबूटएमजीआर’ या आज्ञेने पुढच्या एका वेळेपुरतं विंडोज निवडायचं. मुका पडदा मध्ये येतच नाही.

दोन सिस्टीमने यंत्र मंद होतं, हाही लाडका समज. एका वेळी एकच चालते. वाटली जाते ती डिस्कची जागा, उबुंटूला साधारण २५ जीबी. ती वाटणीही नको असेल तर विंडोजच्या आतच, डब्ल्यूएसएल किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, लिनक्स चालवता येतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक गंमत होते: एनव्हीडीए आणि ऑर्का दोघेही इन्सर्ट कळ आपलीच समजतात आणि एकमेकांवर बोलत सुटतात. अशा वेळी त्या खिडकीपुरतं एनव्हीडीएला झोपवायचं, इन्सर्ट-शिफ्ट-एस.

पण हवी कशाला दुसरी सिस्टीम? विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही. प्रोग्रामिंग शिकायचं हेही कारण आहेच. आणि ते अंधांनाही जमतं: जीएनयूखाता हे हिशेबाचं मुक्त सॉफ्टवेअर ज्यांनी उभं केलं ते मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन आहेत. बेदाण्याच्या अडतीचा हिशेब ठेवणाऱ्या इथल्या गड्यांनी ते नाव ऐकलेलं बरं. ऑर्काला सगळं जमतं असं मात्र मी म्हणणार नाही. बोटांना नव्या सवयी लावाव्या लागतात, आणि एखादा प्रोग्राम हट्टाने गप्प बसतो.

निघताना दुकानदाराने विचारलंच, “आत्ता कुठली चालू आहे, हे तुला कळतं कसं?”

“विंडोजला बाई बोलते,” मित्र म्हणाला, “आणि उबुंटूला पत्र्याचा डबा.”