विश्लेषण : जुन्या पिकअपचा हीटर गार का पडतो?

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यात पहाटेचा पारा अनेकदा 10 अंशांखाली उतरतो. निफाडमध्ये तर काही वर्षी तो 5 अंशांच्याही खाली गेला आहे. याच दिवसांत भाजीपाला भरलेल्या पिकअप रात्री मुंबईच्या बाजाराकडे निघतात. केबिनमध्ये दोघे-तिघे दाटीने बसलेले, काचा बंद, आणि श्वासाच्या वाफेने समोरची काच पांढरी झालेली. हीटर लावला तर वारा येतो, पण कोमट. मग एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडके, असा घाटापर्यंतचा प्रवास होतो.

‘गाडी जुनी झाली, आता हीटर लागायचा नाही,’ असे म्हणून ही तक्रार सोडून दिली जाते. प्रत्यक्षात वयाचा दोष कमी असतो. बऱ्याचदा मूळ सापडते ते आदल्या उन्हाळ्यात झालेल्या दुरुस्तीत.

हीटरला उष्णता कुठून मिळते?

डिझेल पिकअपच्या हीटरमध्ये सहसा विजेची कॉइल नसते. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, त्याला हीटर कोर म्हणतात. इंजिनात तापलेले कूलंट दोन रबरी पाइपांतून या कोरमध्ये फिरते आणि ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. म्हणजे केबिनला मिळते ती इंजिनाचीच उष्णता. इंजिन पुरेसे तापले नाही, कूलंट कमी पडले किंवा ते कोरपर्यंत पोहोचलेच नाही, तर ब्लोअर कितीही जोरात फिरवला तरी उपयोग नाही. (काही स्वस्त मॉडेलांत नुसताच ब्लोअर असतो, हीटर कोर नसतोच. खर्चात पडण्याआधी एवढे तपासलेले बरे.)

थर्मोस्टॅट काढल्याने काय होते?

इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप म्हणजे थर्मोस्टॅट. तिच्यात मेणासारखा पदार्थ भरलेला असतो. कूलंट साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान तापले की तो वितळून फुगतो आणि झडप उघडते. हा भाग जुना झाला की कधी कधी बंद अवस्थेत अडकतो आणि इंजिन तापते. एप्रिल-मेमध्ये भरलेली गाडी घाटात उकळली, की अनेक गॅरेजांत यावर एकच उपाय होतो : थर्मोस्टॅट काढून टाकायचा. गाडी त्या दिवशी थंड राहते, मालक खूश होतो आणि हा भाग विस्मरणात जातो.

हिवाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. झडप नसल्याने कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते आणि थंडीत इंजिन नीट तापतच नाही. हीटर कोमट राहतो, डिझेल जास्त जाते आणि इंजिनाची झीज वाढते. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, म्हणजे ज्यासाठी ती काढली तोही हेतू साधत नाही. नवा थर्मोस्टॅट हा गाडीतल्या स्वस्त सुट्या भागांपैकी एक आहे, हे लक्षात घेतले तर या ‘जुगाडा’चे समर्थन करणे कठीण आहे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. इगतपुरीकडून कसारा घाट उतरताना इंजिनावर भार नसतो. तेव्हा टेम्परेचरचा काटा भराभर खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे.

बोअरच्या पाण्याचा काय संबंध?

दुसरी सवय कूलंटऐवजी साधे पाणी भरण्याची. कूलंट फक्त गोठण्यापासून वाचवते, आणि आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, असा समज त्यामागे असतो. पण कूलंटमध्ये गंजरोधक रसायनेही असतात. बोअरच्या जड पाण्याने आतून क्षार बसतात आणि गंजाचा गाळ तयार होतो. हीटर कोरच्या नळ्या रेडिएटरच्या मानाने बारीक, शिवाय उन्हाळाभर हीटर बंद. त्यामुळे गाळ तिथे साचतो.

बिघाड नेमका कुठे, हे कसे कळेल?

सुरुवात थंड इंजिनाने करावी. रेडिएटरचे झाकण उघडून पातळी पाहावी. गरम असताना झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेले असू शकते आणि ते थेट तोंडावर उडते.

पातळी ठीक असेल तर गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करावी. मग हीटरकडे जाणारे दोन पाइप पंख्यापासून दूर, बेताने हात लावून पाहावेत. दोन्ही कोमट असतील तर संशय थर्मोस्टॅटवर. एक चटका देणारा आणि दुसरा गार असेल तर कोर तुंबला आहे किंवा वाटेतला हीटरचा कॉक उघडत नाही. दोन्ही गरम असूनही वारा गार येत असेल, तर दोष डॅशबोर्डच्या आतला. गरम-थंड हवा वळवणाऱ्या पडद्याची केबल निसटली किंवा अडकली असण्याची शक्यता मोठी.

गाडी पळताना हीटर गरम आणि उभी असताना गार, असे होत असेल तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप थकला आहे. हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, चाकांना उटी लावावी, इंजिन थंड असतानाच झाकण काढावे आणि हीटरचा खटका पूर्ण गरमकडे फिरवून इंजिन सुरू करावे. बुडबुडे थांबेपर्यंत थोडे थोडे कूलंट घालत राहावे. काही गाड्यांत हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो.

तुंबलेला कोर दोन्ही पाइप सोडून, उलट्या दिशेने कमी दाबाचे पाणी सोडून धुता येतो. जोराचा दाब दिला तर जुना कोर फुटतो, आणि तो बदलायला बहुतेक वेळा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये. ते विषारी असते, पण चव गोडसर असल्याने कुत्री-मांजरे चाटतात.

गॅरेज कधी गाठायचे?

बुडबुडे थांबतच नसतील, कुठेही गळती न दिसता कूलंट घटत असेल, किंवा ऑइल दुधाळ झाले असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता आहे. चालत्या गाडीत हीटर अचानक गार पडला आणि काटा वर जाऊ लागला, तर कूलंट निघून गेले असे समजून बाजूला थांबावे. बाजारभाव गाठण्याच्या घाईत पुढच्या ढाब्यापर्यंत रेटलेली गाडी इंजिन बांधणीचा खर्च पदरात टाकते.

तोपर्यंतची रात्र?

काच पुसट होत असेल तर आतलीच हवा फिरवणारा खटका बंद करून बाहेरची हवा घ्यावी. एसी असेल तर तोही लावावा, कारण तो हवेतला दमटपणा शोषतो. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावण्याची जुनी युक्ती इंजिन तापवते खरी, पण परतीला, दुपारी कसारा घाट चढताना तो काढायचा राहिला तर इंजिन उकळते. केबिनमध्ये शेगडी किंवा गॅस मात्र अजिबात पेटवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत असलेल्याला जाग येत नाही. काचा लावून, इंजिन चालू ठेवून झोपण्यातही तोच धोका आहे, विशेषतः सायलेन्सरचा जोड फुटलेला असेल तर.