बांधावरचा कज्जा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘किरकोळ कारणावरून हाणामारी’ असा मथळा वरचेवर वाचावयास मिळतो, आणि वाचणारा शहरवासी चहाचा घोट घेता घेता क्षणभर हळहळून पान उलटतो. त्या ‘किरकोळ’ या विशेषणाखाली वार्ताहराने काय काय गाडून टाकले आहे, याचा विचार करण्याचे त्याला सहसा प्रयोजन पडत नाही. आमच्या खेड्यांत ते कारण पुष्कळदा शेताचा बांध असते. विदर्भात त्याला धुरा म्हणतात. दोन शेतांमधला हा मातीचा दांडा. त्यावर बोरी-बाभळी उगवतात, न्याहारीपुरती सावली मिळते, आणि त्याच्याच पायी भावाभावांचे येणेजाणे बंद पडते.

वस्तुतः हिशेब मांडला तर हसू यावे. दोनशे फूट लांबीचा बांध शेजाऱ्याने नांगरटीत वीतभर कोरला, तर दीडशे चौरस फूट जमीन गेली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा गुंठ्याचा सातवा हिस्सासुद्धा नव्हे. तेवढ्यात जिराईत ज्वारी पिकून पिकून दोन शेर पिकेल. एवढ्या दाण्यांसाठी ज्याच्या घरात दाण्याची कणगी भरलेली आहे असा माणूस कुऱ्हाड उगारतो, आणि मग वर्षानुवर्षे तारखांना हेलपाटे घालतो.

‘राग अनावर झाला’ असे तो फौजदारापुढे सांगतो, वकीलही तेच सांगतो, आणि ऐकणाऱ्याचे समाधान होते. माझे होत नाही. हाच गृहस्थ सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी चावडीवर चार खेटे मारतो, अडत्याने मापात मारलेले निमूट सोसतो. तेथे त्याला राग येत नाही असे थोडेच आहे? पण तेथे तो आवरतो. ज्या रागाला समोरचा माणूस पाहून केव्हा आवरावे आणि केव्हा सुटावे हे कळते, त्याला अनावर म्हणणे म्हणजे रागाचीच बाजू घेणे होय.

मार्व्हिन वोल्फगँग या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाने फिलाडेल्फिया शहरातील १९४८ ते १९५२ या काळातल्या ५८८ खुनांची दप्तरे तपासून १९५८ साली ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक खुनांच्या मुळाशी त्याला दरोडा वा दीर्घ वैर आढळले नाही. आढळली ती क्षुल्लक बाचाबाची, एखादी शिवी, एखादा धक्का. आपल्याकडचे आकडेही फार निराळे बोलत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने २०२२ साली देशात नोंदलेल्या २८,५२२ खुनांपैकी ९,९६२ खून ‘वाद’ या एका सदरात घातले आहेत. वैयक्तिक वैर आणि द्रव्यलोभ ही सदरे त्याच्या पुष्कळ मागे आहेत.

रँडल कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाचे २००८ सालचे प्रतिपादन मला अधिक मार्मिक वाटते. त्याच्या मते मारणे माणसाला सोपे जात नाही. समोरासमोर आलेल्या दोघांच्या अंगात भय आणि ताण दाटलेला असतो, म्हणून बहुतेक भांडणे आरडाओरड्यावरच विरतात, आणि जी पुढे जातात त्यांत भोवती जमलेल्यांचा वाटा मोठा असतो.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मृगाच्या तोंडावर, नगरकडच्या एका खेड्यात दोघे चुलतभाऊ बांधावर बोलत उभे होते. प्रथम आवाज खालचे होते. दुधाचे कॅन लावलेली एक मोटारसायकल थांबली, मागून दोन बायका खुरपी घेऊन आल्या, पोरे धावली, आणि तसतसे ते दोघे एकमेकांशी बोलायचे सोडून आम्हांला ऐकू जाईल असे बोलू लागले. “मोजून घे की, तुझा हात कुणी धरलाय?” “मोजायला सरकार कशाला? मी हाये ना!” एवढ्यात गर्दीतून कोणी तरी म्हणाले, “अरं, बांगड्या भरल्यात का?” आणि धाकट्याने फावडे दोन्ही हातांनी धरले. त्या क्षणी वीतभर मातीचा विषय संपला होता. गावाने आपल्याला काय म्हणावे, एवढाच प्रश्न उरला होता. तेव्हा चिंचेखाली बसलेला एक म्हातारा, न उठता, ओरडला: “मोटर चालू ऱ्हायली रं तुझी! समदं पानी चाललं वाहून!” धाकट्याने फावडे खाली केले, शिव्या देत विहिरीकडे गेला, आणि गर्दी पांगली. मोटर बंद होती. म्हाताऱ्याला हे ठाऊक होते, आणि मला वाटते, जाणाऱ्यालाही.

दुसरी गोष्ट अशी की, फावडे उगारणारा स्वतःला गुन्हेगार समजत नाही. आपल्यावर अन्याय झाला, दाद कोठे लागत नाही, तेव्हा आपणच फिर्यादी, आपणच न्यायाधीश आणि आपणच बेलीफ, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तिला खतपाणी घालायला परिस्थिती समर्थ आहे. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आले; वाटण्या झाल्या, बांध वाढले, आणि मोजणी मागावी तर भूमी अभिलेख खात्याची नोटीस, मग खुणा, त्या अमान्य केल्या की निमताना म्हणजे फेरमोजणी, त्याहीवर सुपर निमताना, आणि शेवटी दिवाणी दावा. पूर्वी गोतसभा बसे, शिवेच्या तंट्यात गावच्या महाराची साक्ष प्रमाण मानली जाई; ज्याच्या शब्दावर शीव ठरे त्याच माणसाला गाव कुसाबाहेर ठेवी, म्हणून त्या काळाचे गोडवे गाण्याचे मला कारण दिसत नाही. पण निकाल गावात लागे, हे खरे. आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतू तोच होता. पुढे कित्येक ठिकाणी तिची कमान आणि पाटी तेवढी राहिली.

मार्ग मात्र अगदीच बंद नाहीत. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याप्रमाणे वहिवाटीतून कोणी बेकायदा काढून लावले, किंवा शेताची वाट वा पाण्याचा ओघ अडवला, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. आणि तुझी जमीन माझ्या ताब्यात व माझी तुझ्या ताब्यात असा बारा वर्षांचा घोळ असेल, तर २०२३ च्या सलोखा योजनेत, तिची मुदत असेल तोवर, नाममात्र खर्चात अदलाबदल नोंदवता येते. बांधाची शंका असेल त्याने मोजणीचा अर्ज पेरणीच्या तोंडावर न देता उन्हाळ्याआधीच द्यावा, आणि खुणा रोवल्या जातील त्या दिवशी, नोटीस गेली असली तरी, शेजाऱ्याला स्वतः त्याच्या दारात जाऊन बोलावून आणावे.