सर्पगंधा व रक्तदाब

सर्पगंधेची मुळी उन्माद व निद्रानाश यांवर वैद्य पिढ्यानपिढ्या देत आले. परंतु तिचा गुण कोणत्या द्रव्यात आहे, हे दीर्घकाळ अज्ञात होते. १९३१ साली सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी दिल्ली येथे या मुळीतून अजमलीन आदी अल्कलॉइडे वेगळी केली. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या संशोधकांनी रेसरपीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले.

मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रिनलीन सूक्ष्म पिशव्यांत साठविलेले असते. ही साठवण रेसरपीन रोखते. साठा रिता होतो, रक्तवाहिन्या सैलावतात व दाब उतरतो. मात्र मेंदूतील सेरोटोनिनचा साठाही याच रीतीने घटतो. अधिक मात्रा घेणाऱ्या काही रुग्णांत तीव्र विषण्णता आढळली. औषध वनस्पतिज असले म्हणजे ते निरुपद्रवीच असते, हा समज त्यामुळे टिकू शकला नाही.

मुळीसाठी झाड समूळ उपटावे लागते. रानातील सर्पगंधा त्यामुळे विरळ होत गेली आणि १९९० पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रित झाला आहे.