विषयशीर्षके, ग्रंथालयीन

ग्रंथाचा आशय दर्शविण्यासाठी ग्रंथालयाच्या तालिकेत नोंदीच्या शिरोभागी योजिलेला नियत शब्द वा शब्दसमूह. ग्रंथनामाने वा ग्रंथकाराच्या नावाने ग्रंथ शोधणाऱ्यास ते नाव आधी ठाऊक असावे लागते. विषयशीर्षकाच्या साहाय्याने मात्र नाव ठाऊक नसलेला ग्रंथही हाती येतो. ग्रंथाच्या वर्णनाची अशी सर्व सुसूत्र माहिती संगणकयुगात ‘मेटाडेटा’ या नावाने ओळखली जाते.

वर्गीकरण आणि विषयशीर्षके परस्परपूरक आहेत. वर्गांकामुळे ग्रंथाला फडताळावर एकच जागा मिळते. विषयशीर्षके मात्र एकाहून अधिक देता येतात. उदा., मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) यांच्या दशांश वर्गीकरणात हळदीच्या लागवडीवरील ग्रंथ कृषी (६३०), तिच्या औषधी गुणांवरील औषधशास्त्र (६१५) आणि स्वयंपाकातील वापरावरील पाकशास्त्र (६४१) या वर्गांत विखुरतात. तालिकेत ‘हळद–लागवड’, ‘हळद–औषधी उपयोग’ अशी शीर्षके योजिल्यास ते एकत्र येतात. हिंगोलीसारख्या हळद पिकविणाऱ्या जिल्ह्यातील वाचकाला हा लाभ प्रत्यक्ष उपयोगाचा ठरतो.

तत्त्वे : विषयशीर्षकांचे पद्धतशीर नियम चार्ल्स ॲमी कटर (१८३७–१९०३) यांनी १८७६ मध्ये मांडले. विषय नेमक्या नावाने नोंदवावा आणि ते नाव वाचकांच्या परिचयाचे असावे, हे त्यांचे सार होय. हळदीवरील ग्रंथ ‘मसाल्याची पिके’ या व्यापक शीर्षकाखाली न नोंदविता ‘हळद’ याच शीर्षकाखाली नोंदवावा लागतो. समानार्थी शब्दांपैकी एक प्रमाण मानून इतरांखाली निर्देश देतात (‘हरिद्रा : पहा हळद’), संबंधित विषयांसाठी ‘हेही पहा’ असा निर्देश असतो. स्वीकृत शीर्षके व त्यांचे निर्देश यांची प्रमाणसूची ठेवली नाही, तर ग्रंथपाल बदलताच एकाच विषयाला निराळी नावे पडू लागतात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची शीर्षकसूची १९०९–१४ या काळात प्रथम प्रसिद्ध झाली. लहान ग्रंथालयांसाठी मिनी अर्ल सीअर्स यांनी १९२३ मध्ये संक्षिप्त सूची तयार केली.

भारतात शि. रा. रंगनाथन (१८९२–१९७२) यांनी वर्गांकाच्या क्रमिक घटकांवरून शीर्षके काढण्याची ‘शृंखला पद्धती’ शोधून काढली. कृषी, पिके, मसाल्याची पिके, हळद अशा साखळीतील प्रत्येक उपयुक्त दुव्यावरून तीत निर्देश मिळतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हे त्यांच्या पाच सूत्रांपैकी (१९३१) चौथे सूत्र विषयशीर्षकांना विशेषत्वाने लागू पडते. मराठीत शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीने १८००–१९३७ व १९३८–५० या कालखंडांतील ग्रंथांची विषयवार मांडणी करून या कामाला मोठा आधार दिला.

स्थलनामे : स्थलनामांच्या शीर्षकांत विशेष अडचणी येतात. एकाच नावाची गावे अनेक ठिकाणी असल्याने ‘साखरा (जि. हिंगोली)’ असे विशेषण जोडावे लागते. शिवाय प्रशासकीय सीमा बदलतात. सेनगाव तालुक्यातील या गावाचा परिसर पूर्वी हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे मुक्तिसंग्रामातील आठवणींचा ग्रंथ केवळ ‘परभणी जिल्हा’ या शीर्षकाखाली नोंदविलेला असेल, तर ‘हिंगोली’ शोधणाऱ्या वाचकाला तो सापडत नाही. आपल्याच गावाचा इतिहास फडताळावर असूनही त्याच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच ठरतो. जुन्या व नव्या नावांमध्ये निर्देश ठेवणे हाच यावर उपाय होय.

संगणकीय तालिका : १९६० नंतरच्या दशकात काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट ॲव्हराम यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ हा यंत्रवाच्य नोंदींचा आराखडा विकसित झाला. त्यात विषय म्हणून येणाऱ्या व्यक्तिनामाला ६००, सामान्य विषयाला ६५० व स्थलनामाला ६५१ हे क्षेत्रांक आहेत. नरसी नामदेव या गावावरील ग्रंथ ६५१ खाली, तर संत नामदेवांवरील ६०० खाली नोंदविला जातो. आंतरजालावरील साधनांसाठी १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘डब्लिन कोअर’ या संचात पंधरा मूलघटक असून ‘विषय’ हा त्यांपैकी एक आहे.

संगणकामुळे विषयशीर्षकांची गरज संपली, हा समज बरोबर नाही. केवळ अक्षरे जुळविणारा शोध ‘हळद’ आणि ‘हरिद्रा’ यांतील अर्थैक्य ओळखत नाही. मराठीत १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी सानुस्वार रूपे आढळतात. आजच्या रूपाने शोधल्यास ती निसटू शकतात. मूळ ग्रंथनाम जसेच्या तसे ठेवून त्याला आजच्या लेखनातील नियत शीर्षक जोडल्यास हा दोष टळतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम (१९६७) लागू झाल्यावर ग्रंथालये खेडोपाडी पसरली. लहान ग्रंथालयाला हजारो शीर्षकांची सूची लागत नाही. स्थानिक पिके, गावे, व्यक्ती व चळवळी यांची नेमकी प्रमाणसूची आणि तिचे सातत्याने पालन एवढे पुरेसे असते.